आढळला नाही

गाडी घेऊन बावीस दिवस झाले
आणि डावीकडं, पुढच्या कप्प्याच्या मागं
कुणीतरी जीभ टाळ्याला लावून टक करतंय.
चाळीसच्या वर गेलं की टक.
साठला टक टक.
होटगी रोडला शोरूमच्या कमानीत शिरलं
की गप्प, एकदम शहाणं,
डॉक्टरच्या दारात ताप उतरलेल्या पोरासारखं.

इरेश हत्तुरे चांगला पोरगा आहे.
पहिल्या खेपेला थंड पाणी दिलं,
दुसऱ्या खेपेला चहा,
तिसऱ्या खेपेला नुसतं, 'बसा की ताई'.
तिन्ही कागदांवर तेच छापून आलं:
तक्रार – डावीकडून आवाज.
निष्कर्ष – आढळला नाही.

व्यंकटेश म्हणाला, सोड की, गाणी लाव मोठ्यानं.
हप्ते चौऱ्याऐंशी आहेत.
एवढी गाणी कुठून आणू?

मी अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
चेकिंगच्या टेबलाशी उभी असते, एकोणीस वर्षं.
टॉवेल समोरून सरकतो. मी धड बघतसुद्धा नाही,
तळहात बघतो.
तुटलेला ताणा, उडालेला बाणा,
ज्वारीच्या दाण्याएवढा तेलाचा डाग.
हाताला कळलं की खडूची फुली,
फुली पडली की माल सेकंडात.
विणणारे भांडतात. म्हणतात, अक्का,
एका धुण्यात दिसायचं बंद होईल.
होईल. मला माहीत आहे.
कुठल्या तरी थंड देशात कुणीतरी तोंड पुसेल
आणि तिला काही कळणार नाही.
तरी फुली.

चौथ्या खेपेला मे उजाडला होता. पारा त्रेचाळीस.
म्हटलं, इरेश, तुम्ही चालवा, मी डावीकडं बसते.
एसी बंद, काचा वर, बोलायचं नाही.
दोघं घामानं निथळत निघालो.
रसाच्या गाड्यावरची माणसं आमच्याकडं बघत होती,
नवी गाडी आणि ही दशा.
आसरा चौकाच्या अलीकडं
टक.
त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.
रस्त्याकडं बघत म्हणाला, आला.
मग गिअर बदलून, हळू आवाजात:
पण ताई, कंपनी याला दोष म्हणत नाही.
या मॉडेलचा गुणधर्म म्हणते.
गुणधर्म वॉरंटीत बसत नाही.

गुणधर्म.
एकोणीस वर्षांत
हा शब्द एकाही विणकराला सुचला नव्हता.

मी डॅशबोर्डवर तळहात टेकवला.
प्लास्टिक तव्यासारखं तापलेलं.
डोळे मिटून हात सरकवत नेला,
त्याला सांगितलं, चाळीसवरच ठेवा.
काचेपासून एक वीत, कप्प्याच्या वर चार बोटं,
इथं.
पर्समध्ये खडू असतोच.

'ताई! नवी गाडी आहे ओ!'
तेच तर म्हणतेय चार खेपा.

अल्ताफ नदाफनं पॅनल उघडलं.
फुलीच्या बरोबर खाली
शेंगदाण्याएवढी एक क्लिप नुसती पडून होती,
तिची खाच कारखान्यातच चिरलेली.
त्यानं ती माझ्या हातावर ठेवली. वजनच नाही.
इरेशनं संगणकाकडं बघितलं. तिथं चिरलेल्या खाचेसाठी
निवडायला ओळच नव्हती.
मग त्यानं खिशातला पेन काढला
आणि छापील 'आढळला नाही'मधला 'नाही' खोडला.
शिक्का मारला नाही मात्र.
शिक्का मॅनेजरकडं, मॅनेजर पुण्याला,
पॅनलही पुण्यालाच.

आता आषाढ लागला. टक आहेच.
फुली मी पुसलेली नाही.
जाऊबाईंनी विचारलं तर व्यंकटेश म्हणाला,
नजर लागू नये म्हणून.

कारखान्यात हे सांगायला नको होतं मी.
काल गाजूलचा पोरगा ताका घेऊन आला,
दात काढत म्हणाला, अक्का,
बाणा उडालेला नाही, आमच्या मागाचा गुणधर्म आहे तो.
सगळं खातं हसलं. मीपण हसले.
हसता हसता
फुली मारली.